चॅथम बेच्या रानातली पाल : एका प्रजातीची ओळख आणि तिच्यामागे लागलेला बाजार

कॅरिबियन समुद्रात सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडा यांच्यामध्ये ग्रेनेडीन्स नावाची बेटांची माळ आहे. त्यातलं युनियन हे बेट जेमतेम आठ-नऊ चौरस किलोमीटरचं. क्लिफ्टन आणि ॲशटन अशी दोन गावं, तीन हजारांच्या आसपास वस्ती आणि मध्ये ३०० मीटरपर्यंत चढलेले डोंगर. पूर्वेला क्लिफ्टनचं बंदर, तिथे शिडाच्या बोटींची सतत ये-जा. पश्चिमेला चॅथम बे नावाचा किनारा, आणि त्याच्या वरच्या उतारावर कमी पावसातलं, दगडगोट्यांनी भरलेलं जुनं रान. या रानात २००५ साली एक पाल सापडली. रॉबर्ट पॉवेल आणि रॉबर्ट हेंडरसन या अमेरिकी सरीसृपतज्ज्ञांनी त्याच वर्षी ‘कॅरिबियन जर्नल ऑफ सायन्स’मध्ये तिचं वर्णन छापलं आणि तिला गोनाटोडिस दाउदिनी हे नाव दिलं.

पाल अगदी छोटी आहे. शेपटी सोडून मोजली तर सुमारे तीन सेंटिमीटर. अंग गडद, त्यावर काळ्या वेढ्यातले पांढरे, डोळ्यांसारखे भासणारे ठिपके, आणि जोडीला तांबडे डाग. राहणं दगडाखाली, कुजलेल्या ओंडक्यांच्या भेगांत आणि पाचोळ्यात. जगात ती फक्त या बेटावर आहे, आणि बेटावरही सुमारे ५० हेक्टरांच्या रानातच.

नाव मिळाल्यापासून १४ वर्षांच्या आत ही पाल आंतरराष्ट्रीय करारातल्या सर्वांत कडक यादीत गेली. छोट्या बेटावरच्या पालीची ओळख कशी पटवतात, त्यात कुठे चकवा बसतो आणि ओळख पटल्यावर त्या प्राण्यावर काय ओढवतं, या तिन्ही गोष्टी या एका प्रकरणात सापडतात. माझं म्हणणं पुढे सविस्तर येईलच, पण गाभा आधी सांगतो : या पालीच्या बाबतीत ‘कुठे सापडली’ ही माहिती तिच्या खवल्यांइतकीच तिच्या ओळखीचा भाग होती, आणि त्याच माहितीने तिचा घात केला.

बोटं आणि डोळे

कॅरिबियनमध्ये पाचोळ्यात इवलीशी पाल दिसली की पहिला संशय स्फेरोडॅक्टिलस या वंशावर (जवळच्या प्रजातींच्या गटावर) जातो, आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो. या वंशात शंभराच्या घरात प्रजाती आहेत आणि कित्येक बेटांवर स्वतःची एक-दोन तरी आहेत. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या ग्वाना बेटावर केलेली एक मोजणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तिथे स्फेरोडॅक्टिलस मॅक्रोलेपिस या प्रजातीची घनता हेक्टरी ६७,६०० पर्यंत भरली होती. त्याच वर्षी डॉमिनिकन रिपब्लिकच्या बेआता बेटावरून ब्लेअर हेजेस आणि रिचर्ड थॉमस यांनी स्फेरोडॅक्टिलस अरियासी ही प्रजात जाहीर केली. शेपटी सोडून तिची लांबी सरासरी १६ मिलिमीटर भरते. एवढ्या छोट्या जिवाचे खवले मोजायचे तर सूक्ष्मदर्शक लागतो, आणि पकडताना शेपटी तुटते, कधी कातडीही सोलवटून निघते.

युनियनवरही या वंशाची एक प्रजात आहे, स्फेरोडॅक्टिलस किर्बी. जेम्स लाझेल यांनी १९९४ साली तिचं वर्णन केलं. शिवाय आफ्रिकेतून माणसांबरोबर आलेली आणि आता घराघरांत दिसणारी हेमिडॅक्टिलस माबुइया आहे, आणि थेकाडॅक्टिलस रॅपिकॉडा ही दणकट, जाड शेपटीची पालही आहे. म्हणजे बेटावर ‘पाल दिसली’ असं कुणी म्हणालं तर या चारांपैकी कुठलीही असू शकते. रंगावर न जाता त्यांना वेगळं कसं करायचं?

बोटांवरून. हेमिडॅक्टिलसची बोटं पसरट असतात आणि खालच्या बाजूला दुहेरी आडव्या पट्ट्या असतात. थेकाडॅक्टिलसची बोटं त्याहून रुंद. स्फेरोडॅक्टिलसच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला एकच गोल टिकली असते आणि नखी तिच्या एका बाजूला सरकलेली असते. चॅथम बेच्या पालीला यातलं काहीच नाही. तिची बोटं सडपातळ, सांध्यात वाकलेली आणि टोकाला उघडी नखं. मग डोळे बघायचे. हेमिडॅक्टिलसच्या डोळ्याची बाहुली उजेडात उभी फट होते, हिची गोलच राहते. पाठीवर एकमेकांवर चढलेले, मधोमध उंच धार असलेले खवले स्फेरोडॅक्टिलसच्या बऱ्याच प्रजातींत दिसतात. हिच्या पाठीवर बारीक दाणेदार खवले आहेत. एवढं जुळलं की गोनाटोडिस वंशाकडे बोट जातं.

रंगावर न जाता असं वर म्हटलं, त्याला कारण आहे. क्यूबातल्या स्फेरोडॅक्टिलस एलेगन्सचं पिल्लू आडव्या पट्ट्यांचं आणि लालसर शेपटीचं असतं, तर मोठी पाल बारीक फिकट ठिपक्यांची. दोन्ही शेजारी ठेवली तर एका प्रजातीची आहेत यावर सहज विश्वास बसत नाही. स्फेरोडॅक्टिलस नोटॅटसमध्ये मादीच्या डोक्यावर गडद पट्टे असतात, नर नुसता ठिपक्यांचा. गोनाटोडिसमध्ये तर हा फरक फार ठळक आहे. त्रिनिदादच्या गोनाटोडिस व्हिटॅटसच्या नराच्या पाठीवर काळ्या कडांचा पांढरा पट्टा असतो, मादी मात्र मातकट करडी. त्यात भर म्हणजे नमुना अल्कोहोलमध्ये गेला की लाल-पिवळे रंग उडून जातात. म्हणून वर्णन लिहिणाऱ्याला जिवंतपणीच्या रंगांची नोंद आणि छायाचित्रं वेगळी ठेवावी लागतात, आणि निवाडा खवल्यांच्या मोजणीवर, बोटांच्या रचनेवर, डोक्यावरच्या ढाल-खवल्यांच्या मांडणीवर करावा लागतो. एकच नमुना हातात असेल तर ही मोजणीही डळमळीत. नर, मादी आणि पिल्लू तिन्ही बघितल्याशिवाय ‘एवढा फरक एका प्रजातीत चालतो’ आणि ‘ही प्रजातच वेगळी’ यांच्यातली रेघ ओढता येत नाही.

बोटांचं लक्षणही जितकं पक्कं वाटतं तितकं नाही. गोनाटोडिस ह्युमेरॅलिस या दक्षिण अमेरिकी प्रजातीच्या बोटांना डोळ्यांना दिसेल अशी चिकटपट्टी नाही, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्या बोटांवर चिकटणारे बारीक केस सापडले आहेत, आणि ती गुळगुळीत पृष्ठभागावर चढूही शकते. हा अभ्यास २०१७ मधला. म्हणजे ‘पट्टी आहे की नाही’ या प्रश्नाचं उत्तर आपण किती जवळून बघतो यावर ठरतं.

सह्याद्रीपर्यंत पोचलेली जुनी चूक

गोनाटोडिसची ही लक्षणं, गोल बाहुली आणि पट्टी नसलेली नखाळ बोटं, मराठी वाचकाला ओळखीची वाटली पाहिजेत. सह्याद्रीत दगडांच्या कपारीत आणि झाडांच्या बुंध्यांवर दिवसा दिसणाऱ्या निमास्पिस वंशाच्या पाली अशाच असतात. गोव्यातली निमास्पिस गोएन्सिस आणि कोल्हापूरकडची निमास्पिस कोल्हापुरेन्सिस या त्यांच्यापैकीच.

हा सारखेपणा इतका आहे की जॉर्ज आल्बर्ट बुलेंजर यांनी १८८५ साली ब्रिटिश म्युझियममधल्या सरड्यांची सूची केली, तेव्हा दक्षिण भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या या पाली त्यांनी गोनाटोडिस वंशातच घातल्या. निलगिरीतली निमास्पिस इंडिका त्या सूचीत गोनाटोडिस इंडिकस या नावाने आहे. १९३३ साली माल्कम स्मिथ यांनी आशियातल्या पाली त्यातून बाहेर काढून निमास्पिसमध्ये ठेवल्या. जवळपास ५० वर्षं पश्चिम घाटातल्या पाली आणि त्रिनिदाद-व्हेनेझुएलातल्या पाली कागदावर एका वंशाच्या होत्या.

बुलेंजर यांचं काम निष्काळजीपणाचं होतं असं यातून काढू नये. त्यांच्या हाती जे होतं त्यावरून तो निष्कर्ष रास्त होता. दिवसा वावरणाऱ्या पालीला उभ्या फटीच्या बाहुलीचा उपयोग कमी, आणि खडबडीत दगड-बुंध्यांवर नखांनी काम भागतं. दोन वेगळ्या खंडांत तीच राहणी आली तसे डोळे आणि पायही सारखे घडले. पुढे डीएनए तपासल्यावर निमास्पिसची गत अशीच झाली. आफ्रिकेतल्या, दक्षिण आशियातल्या आणि आग्नेय आशियातल्या ‘निमास्पिस’ पाली एकमेकींच्या सख्ख्या नाहीत हे २०१२ च्या अभ्यासात दिसून आलं.

चॅथम बेच्या पालीलाही वरच्या पातळीवर घर बदलावं लागलं. २००५ च्या वर्णनात तिचं कुळ, म्हणजे अनेक वंशांचा मोठा गट, गेकोनिडी असं लिहिलेलं आहे. २००८ साली टोनी गॅम्बल आणि सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्यावरून स्फेरोडॅक्टिलिडी हे कुळ स्वतंत्र उभं केलं, आणि स्फेरोडॅक्टिलसबरोबर गोनाटोडिसही त्यात गेली. त्या कुळात अटलांटिकच्या अलीकडचेही काही वंश निघाले. ओमान किंवा संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या मराठी माणसांनी भर दिवसा खडकांवर शेपटी वळवून इशारे करणारी बारकी पाल पाहिली असेल. ती प्रिस्ट्युरस, याच कुळातली. नात्याने ती युनियनच्या पालीला सह्याद्रीतल्या निमास्पिसपेक्षा जवळची आहे. दिसण्यावरून हे कुणाच्या मनातही आलं नसतं.

इथलीच की आलेली?

वंश ठरला की पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. गोनाटोडिस हा मुळात दक्षिण अमेरिकेचा वंश. त्रिनिदाद आणि टोबॅगोवर त्याच्या प्रजाती आहेत, पण ती बेटं खंडाच्या उथळ पायावरच उभी आहेत. टोबॅगोवर तर गोनाटोडिस ओसेलॅटस ही डोळेदार ठिपक्यांची खास तिथलीच प्रजात आहे. उत्तरेला क्यूबा, जमैका, हिस्पॅनिओला इथे गोनाटोडिस अल्बोग्युलॅरिस आहे. मधल्या लहान अँटिलीस बेटांवर, ज्यांत युनियनही येतं, या वंशाची स्वतःची प्रजात २००५ पर्यंत माहीत नव्हती. मग युनियनवर ही आली कुठून?

माणसांनी नकळत आणली असेल ही शक्यता पहिल्यांदा तपासावीच लागते. पाली मालाबरोबर, रोपांच्या कुंड्यांतून, लाकडाच्या भेगांतून सहज प्रवास करतात, आणि अल्बोग्युलॅरिस अशीच फ्लोरिडाला पोचली. इथे तीन गोष्टी तोलाव्या लागतात. एक, ही पाल माहीत असलेल्या कुठल्याही गोनाटोडिसशी जुळते का? जुळत नाही, म्हणूनच नवी प्रजात. पण तेवढ्याने काम भागत नाही. दक्षिण अमेरिकेतली एखादी अजून वर्णन न झालेली प्रजात बोटीतून इथे आली असं कुणी म्हटलं तर त्याला या मुद्द्याने उत्तर मिळत नाही. म्हणून दुसरी गोष्ट, ती बेटावर नेमकी कुठे आहे. बाहेरून आलेल्या पाली साधारणपणे बंदराजवळ, भिंतींवर, घरांच्या आसपास आधी दिसतात. ही मात्र बंदरापासून बेटाच्या दुसऱ्या अंगाला, जुन्या रानात आहे आणि घरांकडे फिरकत नाही. तिसरी, ती कशावर तगते. सावली आणि पाचोळ्यातली ओल नसेल तर एवढ्या छोट्या अंगातलं पाणी उडून जातं. असा प्राणी दगदगीचा प्रवास करून कोरड्या बंदरावर उतरेल आणि तिथे काही मागमूस न ठेवता थेट डोंगरापलीकडच्या रानात स्थिरावेल, हे पटत नाही.

‘कुठे सापडली’ हे ओळखीचा भाग आहे असं म्हणतो ते यामुळे. ठिकाण काढून टाका आणि नुसता अल्कोहोलमधला नमुना टेबलावर ठेवा. तो गोनाटोडिस आहे आणि माहीत असलेल्यांपैकी नाही, एवढंच तज्ज्ञ सांगू शकेल. ती इथली मूळ रहिवासी आहे, एकाच रानात उरलेली आहे, हा निष्कर्ष ठिकाणाच्या नोंदीवाचून निघत नाही.

मग ती शेजारच्या कॅरियाकू बेटावर का नाही? हा प्रश्न मला या प्रकरणातला सर्वांत रंजक वाटतो. ग्रेनेडापासून बेक्वियापर्यंतची बेटं एकाच उथळ समुद्री पठारावर उभी आहेत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, आणि हा सगळा पट्टा सलग जमीन होता. स्फेरोडॅक्टिलस किर्बी एकाहून जास्त बेटांवर मिळते, ते या इतिहासाशी नीट जुळतं. दाउदिनी मात्र एकाच बेटावर आहे. तिचा मूळ प्रदेश मोठा होता आणि तो आटत इथवर आला, असं मानणं मला जास्त सयुक्तिक वाटतं. या बेटांवर मळ्यांच्या काळात कापसासाठी रान तोडलं गेलं. उंदीर आणि मांजरं आली. चॅथमचं रानही आदिम नाही, ते तोडीनंतर पुन्हा वाढलेलं आहे, फक्त जुनं आणि दाट. जिथे सावली आणि दगडांखालची ओल अखंड राहिली तिथे ही पाल तगली असावी. कॅरियाकूवर तिची हाडं कधी सापडली तर या तर्काला पाया मिळेल.

छापलेलं ठिकाण

नव्या प्रजातीच्या वर्णनात होलोटाइप ठरवावा लागतो, म्हणजे ज्या एका नमुन्याशी ते नाव कायमचं जोडलेलं राहील तो, आणि तो कुठे मिळाला हे लिहावं लागतं. पॉवेल आणि हेंडरसन यांनी शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे ते लिहिलं. बेट छोटं, रान एकच. वाचणाऱ्याला आणखी काही शोधायची गरजच नव्हती.

दुर्मीळ, रंगीत, नुकतीच नाव मिळालेली आणि एकाच जागी असणारी पाल हे संग्राहकांचं लक्ष वेधणारच होतं. युरोप आणि अमेरिकेतल्या पाळीव सरीसृपांच्या बाजारात ती विकायला आली. सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्सचा वन्यजीव कायदा १९८७ चा आहे, आणि परवान्याशिवाय ती पकडून देशाबाहेर नेणं त्या कायद्याने गुन्हाच होता. पण तीन सेंटिमीटरची पाल खिशातल्या डबीत मावते, आणि युनियनवर रोज बोटी येतात-जातात. पूर्व कॅरिबियनमधला सर्वाधिक तस्करी होणारा सरीसृप अशी तिची ओळख झाली. पकडणाऱ्याने नेलेल्या पालींपुरतं नुकसान थांबत नाही. तो दगड उलटे टाकून जातो, ओंडके फोडतो. त्यांच्याखालची ओल एका दुपारच्या उन्हात जाते, आणि तिथे पुन्हा पाल राहायला यायला बराच काळ लागतो.

मग वर्णन छापायलाच नको होतं का? मला तसं वाटत नाही. नाव नसतं तर तिच्यासाठी कायद्यात जागा झाली नसती, तिची मोजणी झाली नसती, रानावर पहारा बसला नसता. अज्ञात राहून प्राणी सुरक्षित राहतो हे फक्त पैसे मोजणाऱ्यांना तो अज्ञात असेल तोवर खरं, आणि ते गुपित तज्ज्ञांच्या हातात नसतं. चूक मला क्रमात दिसते. आधी वन खात्याशी बोलणं, रानाचं संरक्षण, सीमाशुल्क अधिकाऱ्यांना माहिती, आणि मग प्रसिद्धी, असा क्रम ठेवता येतो. अक्षांश-रेखांश संग्रहालयाच्या नोंदवहीत तंतोतंत ठेवून छापील मजकुरात बेटाचं नाव पुरतं. जिथे बेटाचं नावच पत्ता सांगून जातं, तिथे पहारा आधी हवा.

हे मी आपल्याकडच्या अभ्यासकांनाही कळकळीने सांगतो. सह्याद्रीत गेल्या २० वर्षांत एकेका डोंगरापुरत्या मर्यादित असलेल्या पालींची वर्णनं मोठ्या संख्येने झाली, आणि त्यांत सेकंदापर्यंतचे अक्षांश-रेखांश सर्रास छापले जातात. खवल्यांची एक मोजणी चुकली तर पुढचा अभ्यासक ती दुरुस्त करतो. छापून गेलेला पत्ता मागे घेता येत नाही.

किती उरल्या?

पहारा बसला तो स्थानिक लोकांच्या जोरावर. युनियन आयलंड एन्व्हायर्न्मेंटल अलायन्स ही बेटावरची संस्था, सेंट व्हिन्सेंटचं वन खातं आणि फॉना अँड फ्लोरा ही आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून कृती आराखडा केला. बेटावरचीच माणसं रानरक्षक झाली आणि त्यांनी रानात गस्त घातली. २०१८ मध्ये पालींची संख्या सुमारे १०,००० असल्याचा अंदाज होता, २०२२ मध्ये सुमारे १८,०००. चार वर्षांत ८० टक्के वाढ.

हे आकडे ऐकून पाल सुखात आहे असं वाटू शकतं. पण ५० हेक्टर धरले तर १८,००० म्हणजे हेक्टरी ३६०. ग्वाना बेटावरच्या त्या स्फेरोडॅक्टिलसची हेक्टरी घनता याच्या सुमारे १८८ पट होती. प्रजात वेगळी, रान वेगळं, म्हणून थेट तुलना करू नये. तरी पाचोळ्यातल्या छोट्या पालींसाठी काही हजार ही मोठी संख्या नाही, एवढं त्यावरून समजतं. एक मादी एका वेळी एकच अंडं घालते, त्यामुळे उपसलेली संख्या भरून यायला गस्त अखंड चालावी लागते.

एक वेगळं उदाहरण शेजारी ठेवतो. पोर्तो रिकोजवळच्या मोनितो या कड्यांनी वेढलेल्या खडकाळ बेटावर १९७४ साली एक पाल सापडली. त्या तुटपुंज्या सामग्रीवर आल्बर्ट श्वार्ट्झ यांनी १९७७ साली स्फेरोडॅक्टिलस मायक्रोपिथेकस ही प्रजात जाहीर केली. १९८२ मध्ये अमेरिकेने तिला धोक्यातल्या प्राण्यांत घेतलं. १९९० च्या दशकात बेटावरचे काळे उंदीर संपवले. २०१६ च्या पाहणीत ७,६६१ पालींचा अंदाज निघाला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ती यादीतून बाहेर आली. तिथे शत्रू उंदीर होता, तो एकदा संपवता आला. कड्यांमुळे माणूस सहसा तिथे उतरत नाही. युनियनच्या पालीचा शत्रू विमानाचं तिकीट काढून येतो.

यादीत गेल्यावर

वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटिस कराराची १८वी परिषद ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाला भरली. ती कोलंबोला मे महिन्यात व्हायची होती, पण ईस्टरच्या बॉम्बस्फोटांमुळे जागा आणि तारीख बदलली. तिथे सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्सने दाउदिनीला पहिल्या परिशिष्टात घेण्याचा प्रस्ताव मांडला आणि तो मान्य झाला. पहिलं परिशिष्ट म्हणजे रानातून पकडलेल्या प्राण्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तो नियम लागू आहे. त्याच परिषदेत टोके या मोठ्या पालीला दुसऱ्या परिशिष्टात घेण्याच्या प्रस्तावावर भारताचीही सही होती, तोही मान्य झाला.

आता ओळख पटवण्याचं काम प्रयोगशाळेतून विमानतळावर आलं. डबीतली पाल पाहून अधिकाऱ्याला काही मिनिटांत ठरवायचं असतं. सुदैवाने इथे जुनी लक्षणंच उपयोगी पडतात : पट्टी नसलेली नखाळ बोटं, गोल बाहुली, गडद अंगावर काळ्या वेढ्यातले पांढरे ठिपके. जवळचा चकवा टोबॅगोच्या ओसेलॅटसचा, म्हणून छायाचित्रं शेजारी ठेवून बघावी लागतात. विक्रेता सांगतो की ही ‘बंदिस्त पैदास’ आहे. पालीकडे बघून ते खरं-खोटं ठरत नाही. तिथे प्रश्न कागदांचा होतो : आई-बापांची पहिली जोडी कोणत्या परवान्याने देशाबाहेर आली? तो परवाना दाखवता येत नसेल, तर पुढच्या साऱ्या पिढ्यांच्या मालकीचा पाया बेकायदा ठरतो.

भारतात परदेशी पाली पाळण्याची हौस वाढते आहे, मुंबई-पुण्यातही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने सायटिसच्या परिशिष्टांतल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली, आणि असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला त्याची नोंदणी करावी लागते. ज्याला पाल पाळायचीच आहे त्याने विकत घेण्याआधी शास्त्रीय नाव विचारावं आणि कागद बघावेत. नुसतं ‘कॅरिबियन गेको’ म्हणून कुणी काही विकत असेल, तर तिथूनच परत फिरावं.

१ जुलै २०२४ रोजी बेरिल हे चक्रीवादळ चौथ्या श्रेणीचा जोर घेऊन कॅरियाकूवर धडकलं आणि युनियनला त्याचा पूर्ण तडाखा बसला. बेटावरची ९० टक्क्यांहून जास्त घरं पडली किंवा मोडली. ज्या वस्तीतून रानरक्षक येतात तीच वस्ती उघड्यावर आली. रानाच्या दृष्टीने अशा वादळाचा अर्थ असा की माथ्यावरची पानं-फांद्या जातात, ऊन थेट जमिनीवर येतं आणि पाचोळा वाळतो. दुसरीकडे पडलेल्या झाडांखाली पालींना नव्या फटीही मिळतात. २०२२ चे १८,००० हा आकडा वादळाआधीचा आहे. यापुढची मोजणी त्याच पद्धतीने, त्याच ऋतूत आणि त्याच पट्ट्यांमध्ये व्हायला हवी, आणि सावली गेलेल्या पट्ट्यांचा हिशेब वेगळा मांडायला हवा. तरच वादळाने किती पाली गेल्या आणि चोरांनी किती नेल्या, हे एकमेकांपासून वेगळं करता येईल.